मावळतीच्या फोटोंत रंग का बिघडतात? या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर संध्याकाळी फोटो काढून आलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते: आकाश छान आलं, पण मानमंदिराच्या दक्षिण भिंतीवरचे निळ्या टाइल्सचे पट्टे मातकट दिसतात. राजा मानसिंग तोमर (1486–1516) यांच्या या वाड्याचा खरा दागिना तो निळाच. मग घरी येऊन सॅच्युरेशन, म्हणजे सगळ्या रंगांचा गडदपणा, वाढवलं जातं. दगड झेंडूसारखा केशरी होतो आणि निळा काही परत येत नाही.

चुकीच्या वेळी चुकीचा रंग मागणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि तिला कुठलंही सेटिंग वाचवू शकत नाही. सूर्य खाली आला की त्याचे किरण हवेच्या जास्त जाड थरातून येतात. निळा भाग वाटेतच विखुरतो, लाल-पिवळा आपल्यापर्यंत पोचतो. निळी टाइल मुख्यतः निळा प्रकाशच परत फेकते. तो तिच्यावर पडलाच नाही तर फेकणार काय? वालुकाश्म मात्र त्याच उन्हात उजळून निघतो. म्हणून टाइल्स हव्या असतील तर सूर्यास्ताच्या तास-दीड तास आधी काढा आणि शेवटची वीस मिनिटं दगडासाठी ठेवा.

दिशाही बघावी लागते. डिसेंबरात इथे सूर्य पश्चिमेपासून सुमारे 26 अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो, त्यामुळे दक्षिण भिंतीवर तिरपं ऊन येतं आणि कोरीवकामाला उठाव मिळतो. जूनमध्ये तो तितकाच उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणजे मावळतीच्या वेळी हीच भिंत सावलीत. शहराकडे तोंड केलेली पूर्वेची भिंत तर वर्षभर संध्याकाळी सावलीतच असते. ती सकाळी काढावी.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडणं

व्हाइट बॅलन्स म्हणजे प्रकाशाच्या रंगानुसार फोटोचा रंग जुळवणारं सेटिंग. ते ऑटोवर असलं की त्याला पिवळा प्रकाश म्हणजे दोष वाटतो आणि ते तो धुऊन टाकायला बघतं. संध्याकाळ दुपारसारखी दिसू लागते. कॅमेरा ‘डेलाइट’वर, म्हणजे साधारण 5200 ते 5500 केल्व्हिनवर (प्रकाशाच्या रंगाचं माप) ठेवा, प्रकाश जसा आहे तसा येईल. ‘क्लाउडी’ (सुमारे 6000) आणि ‘शेड’ (सुमारे 7000) रंग आणखी उबदार करतात. मला शेड बहुतेक वेळा अति वाटतं, माणसांचे चेहरे त्यात नारिंगी होतात. मोबाइलमध्ये प्रो मोड असेल तर हाच आकडा हाताने लावता येतो. रॉ फाइलमध्ये (सेन्सरची कच्ची नोंद) काढलं तर नंतरही बदलता येतो, नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये फार थोडा.

लाल रंग जळू देणं

कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळा नोंदवतो; ही प्रत्येक नोंद म्हणजे एक चॅनेल. केशरी आकाशात सगळ्यात आधी लाल चॅनेल भरून जातो. साधा हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख) तेव्हा ठीकच दिसतो, म्हणून लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा हिस्टोग्राम चालू करा. लाल उजव्या कडेला चिकटला की ढगांतल्या छटा जाऊन एकसारखा पिवळा डाग उरतो, आणि तो तपशील परत मिळवणं अवघड. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). मोबाइलवर सूर्याजवळच्या उजळ ढगावर बोट दाबून धरा, लॉक झालं की थोडं खाली ओढा. ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणावर हे हमखास लागतं, कारण तिथे आकाशाबरोबर पाणीही चकाकतं. टेलिफोटो (दूरचं जवळ दाखवणारी लेन्स) लावून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे मात्र बघू नका. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

साडीचा रंग मावळतीच्या उन्हात जोखणं

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गच्च्यांवर फोटो निघतात आणि नंतर मोरपंखी पैठणी शेवाळी दिसते म्हणून हळहळ होते. कारण वर सांगितलं तेच. साडी हुबेहूब हवी असेल तर मावळतीच्या बरंच आधी, आकाश मोकळं असलेल्या सावलीत उभं करा. त्या प्रकाशात निळा भरपूर असतो. हातात ग्रे कार्ड (रंग जुळवण्यासाठीचं करडं कार्ड) धरून एक फोटो घ्या आणि पुढच्या सगळ्या फोटोंचा रंग त्यावरून बसवा. त्यानंतर हवे तेवढे सोनेरी फोटो काढा, पण ते उन्हाचे फोटो आहेत, साडीचे नव्हेत.

पोलरायझरबद्दल, म्हणजे चकाकी कमी करून आकाश गडद करणाऱ्या फिल्टरबद्दल, थोडक्यात: तो सूर्याशी काटकोनात असलेल्या आकाशावर सर्वाधिक चालतो. सूर्याकडे तोंड करून आकाशात तो जवळजवळ काही करत नाही, उलट काचेतून जास्तीची चमक येते. काढून ठेवा. लेन्सवरची धूळ आणि बोटांचे ठसेही समोरच्या उन्हात रंग फिके पाडतात, तेव्हा पुसूनच सुरुवात करा.

पिवळ्या स्क्रीनवर एडिट करणं

रात्री एडिट करताना मोबाइल किंवा लॅपटॉपचा नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारं सेटिंग) चालू असतो. स्क्रीनच पिवळी, म्हणून हात नकळत फोटो निळा करत जातो. तो आधी बंद करा. सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स वापरा, कारण आधीच गडद असलेल्या केशरीला तो फारसा हात लावत नाही, फिक्या निळ्याला उचलतो. फोटो पाठवायचा असेल तर एसआरजीबीमध्ये, म्हणजे बहुतेक स्क्रीन आणि अ‍ॅप गृहीत धरतात त्या रंगपद्धतीत, सेव्ह करा. अडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीतली फाइल रंग-प्रोफाइल (फाइलमधली रंगपद्धतीची नोंद) न वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये फिकट दिसते, आणि दोष फोटोत नसताना माणूस पुन्हा सॅच्युरेशन वाढवायला बसतो.