सुदानच्या युद्धाचं एक वर्ष वहीत कसं बसवायचं

राजारामपुरीच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांच्या करंट अफेअर्सच्या वह्या बघा, सुदानचं पान आलं की नुसत्या तारखा, हल्ला मग शस्त्रसंधी मग परत हल्ला, आणि पेपरात काय लिहायचं कुणालाच सुधरत नाही. माझी पद्धत सांगतो, पटली तर घ्या.

पहिलं म्हणजे वर्ष जानेवारीपासून धरू नका. राजधानी खार्तूममध्ये युद्ध पेटलं १५ एप्रिल २०२३ ला, म्हणजे तुमचं वर्ष तिथून पुढच्या १४ एप्रिलपर्यंत. मागची गोष्ट अर्ध्या पानात उरका: २०१९ ला हुकूमशहा बशीर सत्तेवरून गेला, ऑक्टोबर २०२१ ला लष्करप्रमुख बुरहान आणि आरएसएफ (रॅपिड सपोर्ट फोर्सेस, निमलष्करी दल) चा प्रमुख हेमेदती दोघांनी मिळून सत्ता घेतली, डिसेंबर २०२२ ला नागरी सरकारचा करार झाला आणि आरएसएफ सैन्यात कधी मिसळायची यावर दोघांचं फाटलं, लष्कर म्हणतंय दोन वर्षांत, हेमेदती म्हणतोय दहा. बास.

आता वही आडवी धरून चार रकाने पाडा. तारीख, ठिकाण, कोण सांगतंय, आणि ताबा कुणाकडं गेला. तारीख घटनेची, पेपरात छापून आली ती नव्हे. तिसरा रकाना सगळे गाळतात आणि तिथंच फसतात. १४ जूनला पश्चिम दारफुरचे गव्हर्नर खमीस अबकर यांना तिथल्या राजधानीत, अल-जुनेनात, पळवून नेऊन मारलं, लष्करानं आरएसएफचं नाव घेतलं, आरएसएफनं हात झटकले, साक्षीदारांनी मात्र आरएसएफ आणि अरब टोळ्यांकडंच बोट दाखवलं. तिन्ही गोष्टी लिहा, नायतर तुमची वही एका बाजूचं पत्रक होईल.

चौथा रकाना बरेचदा रिकामा राहणार, राहू दे. सौदीतल्या जेद्दात दोन्ही बाजूंनी केलेली ११ मे ची घोषणा नागरिकांना संरक्षण द्यायची होती, शस्त्रसंधी नव्हती, तिच्यासमोर ताब्यात काही लिहायचं नाही.

नकाशाचं काम सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडं १७३१ च्या वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूरची हद्द नदीवर ठरली, त्यामुळं रेघ ओढता येते. सुदानात तशी रेघ नाही, म्हणून अख्खी राज्यं रंगवत बसू नका, फक्त शहरांवर ठिपके द्या, लष्कर निळा, आरएसएफ लाल. ऑगस्टमध्ये बुरहान पोर्ट सुदानला गेला, तिथं ठळक निळा. ऑक्टोबरअखेर दक्षिण दारफुरचं न्याला शहर लाल, आणि नोव्हेंबर संपेपर्यंत दारफुरच्या पाच राज्यांच्या राजधान्यांपैकी चार लाल, एकटं अल-फशेर निळं. १८ डिसेंबरला ‘वाद मदनी’ हे शहर लाल. इथं जरा थांबा, कारण खार्तूममधून पळालेली माणसं ह्याच गावात येऊन राहिली होती आणि त्यांना परत गाठोडं उचलावं लागलं. मार्च २०२४ ला खार्तूमला लागून असलेल्या ओमदुरमानच्या रेडिओ-टीव्हीच्या इमारतीवर निळा, हा लष्कराला मिळालेला मोठा विजय.

घर सोडलेल्यांचा आकडा सुरुवातीपासून त्या दिवसापर्यंतचा असतो, त्यामुळं महिन्यामहिन्याचे आकडे एकमेकांत मिळवू नका (हे करणारे आहेत लेको). वर्षाच्या शेवटी तो ८० लाखांच्या वर होता, त्यातले बहुतेक देशातच भटकत होते.

भारताचा कोपऱ्यात छोटा चौकोन करा: ऑपरेशन कावेरी, २४ एप्रिल ते ५ मे, पोर्ट सुदानहून जेद्दा, ३,८६२ माणसं बाहेर काढली. आपली माणसं घरी आली आणि आपल्या टीव्हीला सुदान संपलं, असो.

१४ एप्रिलखाली रेघ मारा. खार्तूमचा राजवाडा लष्करानं परत घेतला मार्च २०२५ ला आणि अल-फशेर पडलं ऑक्टोबर २०२५ ला, ते ह्या पानात घुसडायचं नाही, आणि दक्षिण सुदान २०११ पासूनच वेगळा देश आहे, तिथल्या बातम्यांना दुसरी वही करा.