लघु आरएनएवर काम सुरू करताना

जिवाणूंच्या ताण-प्रतिसादावर काम सुरू केले तेव्हा माझे पहिले तीन महिने चाचणीच्या कोऱ्या एक्स-रे फिल्मकडे पाहण्यात गेले. ई. कोलायच्या वाढत्या कल्चरमध्ये डायपायरिडिल घालून लोह बांधून टाकले, की ‘फर’ या दमनकारी प्रथिनाची पकड सुटते आणि आरवायएचबी हा सुमारे ९० न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या साखळीतले दुवे) नॉन-कोडिंग, म्हणजे प्रथिन न बनवणारा लघु आरएनए काही मिनिटांत भरपूर तयार होतो, हे मला पाठ होते. पण नॉर्दर्न ब्लॉटवर, म्हणजे आरएनए लांबीनुसार वेगळे करून ठरावीक आरएनए शोधण्याच्या चाचणीत, त्याची पट्टी काही उमटेना. मी प्रोब (त्या आरएनएला चिकटून त्याची खूण पटवणारा तुकडा) दोनदा बदलला, डायपायरिडिल वाढवून पाहिले. दोष निघाला आरएनए वेगळा करण्याच्या किटमध्ये. नेहमीच्या सिलिका कॉलममधून साधारण २०० न्यूक्लिओटाइडांहून आखूड रेणू बहुतांशी निसटतात, म्हणजे ज्याच्या शोधात होतो तोच मी दर वेळी ओतून देत होतो. पेशीत नेहमीच भरपूर असणारा, १२० न्यूक्लिओटाइडांचा ५एस रायबोसोमल आरएनए त्याच ब्लॉटवर तपासला असता, तर हे पहिल्याच आठवड्यात उमगले असते. तेव्हापासून मी वास सोसून गरम फिनॉलचीच पद्धत वापरतो.

दुसरी चूक वेळेची होती आणि ती अधिक फसवी होती. आरवायएचबी हा एचएफक्यू प्रथिनाच्या मदतीने सोडबीसारख्या लोहयुक्त प्रथिनांच्या संदेशवाहक आरएनएशी जोडला जातो, आरएनेज ई हे विकर त्या संदेशाचे तुकडे करते आणि पेशीतले अपुरे लोह अत्यावश्यक कामांसाठी उरते. हे सारे काही मिनिटांत घडत असताना मी प्लाझ्मिडवरून (जिवाणूत घातलेल्या वेगळ्या डीएनए-वर्तुळावरून) आरवायएचबीचे उत्पादन चार तास चालू ठेवले; साहजिकच शेकडो जनुकांची पातळी बदललेली दिसली आणि त्यांतले थेट लक्ष्य कोणते, हे सांगता येईना. दहा-पंधरा मिनिटांचे प्रेरण, म्हणजे उत्पादन चालू ठेवणे, पुरते. एचएफक्यू नसलेल्या उत्परिवर्तित जिवाणूंबाबतही सावध राहावे, कारण ते मुळातच मंद वाढतात. त्यांची तुलना घड्याळ पाहून नव्हे, समान ओडीवर, म्हणजे कल्चरची गढूळता सारखी असताना, करावी.

लघु आरएनए आणि त्याचे लक्ष्य यांच्या संगणकाने सुचवलेल्या जोड्यांवर नवख्याचा फार लवकर विश्वास बसतो. माझ्या मार्गदर्शक बाई मात्र सुंदर आलेख बाजूला सारून एकच विचारत: लघु आरएनएतले दोन बेस बदलून दमन थांबवलेत, हे ठीक; पण लक्ष्यातले समोरचे दोन बेस जुळवून घेतल्यावर ते पुन्हा सुरू झाले का?