लहान मुलांचं निदान करताना या चुका टाळा

लहान मुलांच्या वॉर्डात नवे निवासी डॉक्टर आले की पहिल्या आठवड्यातच कळतं, यंदाही त्याच चुका होणार. पुस्तक तोंडपाठ असतं. दुर्मीळ आजारांची नावं झोपेतून उठवलं तरी सांगतील. पण समोरचं मूल मिनिटाला किती श्वास घेतंय असं विचारलं की नजर केसपेपरकडे जाते. तिथे आदल्या ड्युटीवाल्याने २४ लिहिलेलं असतं. त्याच्या आदल्यानेही २४च. सगळ्या वॉर्डातली मुलं मिनिटाला बरोब्बर २४ श्वास घेतात, हा आमच्या शाखेतला जुना चमत्कार आहे.

श्वास न मोजणं, आणि मोजला तरी फक्त छातीकडे बघणं

श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण तान्हं बाळ चार-पाच श्वास भराभर घेतं, जरा थबकतं, मग पुन्हा सुरू होतं. रडणाऱ्या मुलाचा आकडा लिहिण्यात अर्थ नाही. मी स्टेथोस्कोप बाहेर काढण्याआधी, मूल आईच्या मांडीवर असतानाच, तिच्याशी गप्पा मारत मुलाच्या पोटाकडे बघून मोजून घेतो. एकदा हात लावला की खेळ संपला. मिनिटाला किती श्वास म्हणजे जलद? दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त, त्यानंतर एक वर्षापर्यंत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले हे आकडे, आणि एवढे तरी पाठ हवेतच.

माझा खरा राग मात्र पुढच्या पायरीवर आहे. श्वास जलद दिसला की दोष फुप्फुसातच, असं धरून चालायचं. सहा-सात वर्षांची एक मुलगी दुसऱ्या ठिकाणाहून आमच्याकडे आली. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘दम्याचा तीव्र झटका, उपचारांना प्रतिसाद नाही.’ दोन दिवस नेब्युलायझर चालू होता, वर स्टेरॉइडची इंजेक्शनं. मुलगी जोरजोरात, खोल श्वास घेत होती. पण छाती आत ओढली जात नव्हती, नळी लावली तर हवा दोन्हीकडे स्वच्छ जात होती, कुठे शिट्टी नाही की घरघर नाही. ऑक्सिजन ९९ टक्के. जीभ कोरडी ठणठणीत. एवढी धाप लागण्याइतका दमा असेल, तर छाती इतकी शांत आणि ऑक्सिजन इतका चांगला कसा, हा प्रश्न दोन दिवसांत कुणालाही पडला नव्हता.

आईला विचारलं, लघवी कशी होते? ती घुटमळली. मग म्हणाली, “अंथरूण ओलं करायला लागलीय परत. मोठी झाली ना आता, म्हणून बोलले नाही कुणाजवळ. आणि रात्री उठून तांब्याभर पाणी पिते.” बोटातून रक्ताचा थेंब घेतला. ग्लुकोमीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं ‘हाय’ उमटलं, म्हणजे यंत्राला मोजता येणार नाही इतकी साखर. टाइप १ मधुमेह, त्यातून झालेला किटोअॅसिडोसिस. रक्तात आम्ल साचलं होतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून शरीर ते भरून काढायची धडपड करत होतं. स्टेरॉइड आणि नेब्युलायझरमधलं साल्ब्युटामॉल, दोन्ही साखर वाढवतात. म्हणजे दोन दिवस आगीत तेल ओतणं चालू होतं.

निदान झाल्यावर लगेच दुसरी घाई सुरू होते, साखर झपाट्याने खाली आणायची. आमच्या ड्युटीवरच्या पोराने इन्सुलिनचा मोठा डोस भरून सिरिंज तयारच ठेवली होती, ती मी काढून घेतली. आधी सलाइन, साधारण तासाभराने किलोमागे दर तासाला ०.०५ ते ०.१ युनिट इन्सुलिन, आणि पोटॅशियमवर सतत लक्ष. मुलांमध्ये या आजारात मेंदूला सूज येण्याची भीती असते. डोकं दुखू लागलं, मूल गुंगू लागलं किंवा नाडी मंदावली, तर रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. ती मुलगी वाचली. तेव्हापासून जास्त आजारी दिसणाऱ्या प्रत्येक मुलाची साखर मी दारातच बघतो, तक्रार काहीही असो. याला कुणी पद्धत म्हणणार नाही, पण त्याला मिनिटही लागत नाही.

दर ४८ तासांनी अँटिबायोटिक बदलणं

ताप उतरला नाही की औषध बदला, हा सगळ्यात आवडता शॉर्टकट. पालकांनाही बरं वाटतं, काहीतरी होतंय असं. यात मधे कावासाकीचा आजार, म्हणजे रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार, लपून बसतो. पाच दिवस किंवा जास्त ताप, डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी, अंगावर पुरळ, हातापायांना सूज, मानेत गाठ. गंमत अशी की ही लक्षणं एकाच दिवशी रांगेत उभी राहत नाहीत. सोमवारी आलेलं पुरळ बुधवारी गेलेलं असतं. म्हणून ‘आत्ता काय दिसतंय’ एवढं पुरत नाही, परवा काय होतं तेही विचारायचं, आणि आईच्या मोबाइलमधले फोटो मागून घ्यायचे. बोटांची सालं निघायची वाट बघाल तर दुसरा आठवडा उलटलेला असतो. आणि वर्षाच्या आतल्या बाळात निकष बहुधा पूर्ण होतच नाहीत, तिथे संशय जास्तच ठेवावा लागतो.

उपचार मिळाला नाही तर जवळपास चौथ्या हिश्श्याच्या मुलांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगे येतात. दहा दिवसांच्या आत किलोला २ ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडांचं औषध) शिरेतून दिलं तर हे प्रमाण चारेक टक्क्यांवर येतं. जपानी बालरोगतज्ज्ञ टोमिसाकू कावासाकी यांनी पहिला रुग्ण १९६१ मध्ये पाहिला आणि ५० मुलांचं वर्णन छापलं १९६७ मध्ये. एकेका मुलाची नोंद ठेवत सहा वर्षं. आमच्या पोरांना दुसऱ्या दिवसाचा राउंड होईपर्यंत दम निघत नाही.

उलटंही घडतं. तीन-चार दिवस चढा ताप, तो उतरला की अंगभर पुरळ, म्हणजे साधा रोझिओला, आपोआप बरा होणारा विषाणूचा ताप. पण मधे कुणीतरी अँटिबायोटिक दिलेलं असतं, मग पुरळाचं खापर त्याच्यावर फुटतं आणि ‘औषधाची अॅलर्जी’ हा शिक्का मुलाच्या फाइलवर वर्षानुवर्षं राहतो.

डोस चमच्यात सांगणं

पॅरासिटामॉलच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० किंवा २५० मिलिग्रॅम औषध असतं, थेंबांच्या बाटलीत मात्र १ मिलिलिटरलाच १००. फोनवर ‘पाच मिली द्या’ म्हणालात आणि घरात थेंबांची बाटली असली, तर आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी ५०० मिलिग्रॅम जातं. त्याला हवं असतं किलोला १० ते १५ या हिशेबाने ८० ते १२०. वजन लिहिल्याशिवाय मी औषध लिहीत नाही, आणि लिहिताना मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि बाटलीवरची ताकद तिन्ही लिहितो.

बाकीच्या, थोडक्यात

रक्तदाब नॉर्मल आहे म्हणून मूल शॉकमध्ये (अवयवांना रक्त कमी पडण्याच्या अवस्थेत) नाही, असं समजू नका. मुलांचा रक्तदाब सगळ्यात शेवटी पडतो. आधी नाडी धावते, हातपाय गार पडतात.

दम्याच्या मुलाची शिट्टी थांबली आणि मूल मलूल झालं, तर ते बरं होत नाहीये, हवाच जात नाहीये.

नवजात बाळाने हिरवी उलटी केली तर आतड्याला पीळ पडला आहे असं धरून लगेच सर्जनला बोलवा.

मुलाचं पोट दुखतंय? चड्डी काढून तपासा. अंडकोषाला पीळ पडला असेल तर हाताशी सहाएक तासच असतात.

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात नाही, लिटरभर पाण्यातच.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप म्हणजे दाखवायचंच, घरी सिरप देऊन वाट बघायची नाही.

एसजीपीटी वाढलं म्हणजे लिव्हरच

चार-पाच वर्षांचा मुलगा, एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीत मोजतात ती एन्झाइम) भरपूर वाढलेलं, बिलिरुबिन (कावीळीचं पिवळं द्रव्य) ठीक. कावीळीच्या सगळ्या तपासण्या होतात, सोनोग्राफी होते, काही वेळा लिव्हरचा तुकडाही काढला जातो. ही एन्झाइम स्नायूंतूनही येतात हे विसरलं जातं. त्याला जमिनीवर बसवा आणि उठायला सांगा. मांड्यांवर हात टेकत, स्वतःच्याच अंगावर चढत उठला आणि पोटऱ्या फुगलेल्या दिसल्या, तर सीपीके, म्हणजे स्नायूंच्या एन्झाइमची तपासणी, पाठवा, हजारांत येईल. ड्युशेनचा आजार, म्हणजे स्नायू झिजत जाण्याचा. ब्रिटिश डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी हे उठणं १८७९ मध्येच लिहून ठेवलंय.

खऱ्या लिव्हरच्या आजारात मात्र उशीर होतो, कारण तिथे सगळे निवांत असतात. दोन आठवड्यांनंतरही पिवळं असलेल्या बाळाच्या आईला ‘उन्हात धरा’ म्हणून परत पाठवलं जातं. बाळ दूध पितं, हसतं, वजनही वाढतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पित्तनलिका बंद असली तर कासाईचं ऑपरेशन (पित्ताला आतड्यात वाट करून देणारं) ६० दिवसांच्या आत झालेलं बरं, नंतर यशाची शक्यता घटत जाते. शीचा रंग आईला विचारून भागत नाही, डायपर उघडून स्वतः बघा. पांढरट किंवा मातकट दिसली, तर डायरेक्ट बिलिरुबिन (पित्त अडलं की वाढतं ते) त्याच दिवशी पाठवा.