‘हायपर’ आणि ‘हायपो’ कसे ओळखावेत

बेळगाव, खानापूर वा निपाणीच्या दवाखान्यात डॉक्टर मराठीत बोलोत की कन्नडमध्ये, हातात पडणारा रिपोर्ट बहुधा इंग्रजीतच असतो, आणि त्यातील ‘हायपर’ व ‘हायपो’ यांची गल्लत झाली तर अर्थ थेट उलटा होतो. म्हणून आधी शब्दाची सुरुवात नीट वाचावी: ‘पर’ असेल तर वर, ‘पो’ असेल तर खाली. ही केवळ पाठांतराची युक्ती नव्हे. ग्रीक ‘हुपेर’ म्हणजे वर किंवा पलीकडे आणि ‘हुपो’ म्हणजे खाली. संस्कृत ‘उपरि’ व ‘उप’ हे त्यांचे सगोत्र असून आपले ‘वर’ या ‘उपरि’पासूनच आले आहे. लॅटिन ‘सुपर’ आणि इंग्रजी ‘ओव्हर’ही त्याच घराण्यातले.

त्यानंतर उरलेला शब्द पाहावा. ‘ग्लायसेमिया’ म्हणजे रक्तातील साखर, म्हणून ती 70 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की ‘हायपोग्लायसेमिया’ म्हणतात. थायरॉइडच्या रिपोर्टपाशी मात्र थांबावे, कारण तेथे ‘हायपो’ असूनही टीएसएचचा (थायरॉइडला चेतवणाऱ्या संप्रेरकाचा) आकडा सहसा वाढलेला दिसतो. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी कमी काम करू लागली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिला चेतवण्यासाठी टीएसएच अधिक सोडते. उपसर्ग ग्रंथीच्या कामाविषयी सांगतो, त्या आकड्याविषयी नव्हे.

इतर युरोपीय भाषांत हेच उपसर्ग वेश बदलून भेटतात. इटालियनमध्ये ‘ह’ गळून ‘इपेर’ आणि ‘इपो’ उरतात, स्पॅनिशमध्ये तो लिहितात पण उच्चारत नाहीत, आणि रशियनमध्ये बहुधा त्याचा ‘ग’ होऊन ‘गिपेर’ होते. गहाणखतासाठी इटालियन व स्पॅनिश दोन्ही भाषांत ‘इपोतेका’ हाच उच्चार ऐकू येतो. मुळात तो ग्रीक ‘हुपोथेके’, म्हणजे कर्जासाठी दिलेले तारण. भूमितीतील कर्णाचे इंग्रजी नाव ‘हायपोटेन्यूज’ही याच जातीचे: काटकोनाखाली ताणलेली रेषा.

फसवे शब्दही आहेत. ‘हिप्पोपोटॅमस’मधील ‘हिप्पो’ म्हणजे घोडा आणि ‘हिप्नॉसिस’मधील ‘हुप्नोस’ म्हणजे झोप. त्यांचा ‘हुपो’शी काही संबंध नाही. उलट ‘हायफन’मध्ये ‘हुपो’ लपलेला आहे: ‘हुपो’ आणि ‘हेन’, म्हणजे एकाखाली, एकत्र. ‘हेन’मधील स्वरामुळे ‘हुपो’चा शेवटचा ‘ओ’ गळाला आणि त्यातील ‘ह’मुळे ‘प’चा ‘फ’ झाला, त्यामुळे तो चटकन ओळखू येत नाही.