प्रिंट निघेना? ड्रायव्हरला हात लावायच्या आधी हे बघा

ठाण्यात कोर्टनाक्याजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसाचे अर्ज, असलं काम. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज धापा टाकायला लागलं तेव्हा भाच्याने त्याच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकून दिली. मशीन अजून मस्त चालतंय. रुसतो तो प्रिंटर. आणि प्रिंटर रुसला की जो तो ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटरमधला दुभाषा प्रोग्राम, काढून पुन्हा टाकायला धावतो. एका सोमवारी मीही तेच केलं. समोर अशील घड्याळ बघत बसलेला, वकीलसाहेबांचे फोनवर फोन, आणि तासाभराने कळलं की केर काढताना टेबल सरकलं आणि केबल सैल झाली होती.

खालच्या कमांड अक्षरं सुटी करून लिहितेय, कारण भाचा मला फोनवर अशाच सांगतो. टाइप करताना लहान इंग्रजी अक्षरं, सलग.

आधी बघायचं, कॉम्प्युटरला प्रिंटर दिसतोय का. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून एल-एस-यू-एस-बी टाइप करा. यूएसबीला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी येते. त्यात प्रिंटरच्या कंपनीचं नाव हवं. नाव नीट उमटलं नसेल तर आयडीचा आकडा बघा: एचपीचा ०३एफ० ने सुरू होतो, कॅननचा ०४ए९ ने, एप्सनचा ०४बी८ ने, ब्रदरचा ०४एफ९ ने. यातलं काहीच नसेल तर ड्रायव्हरचा विषयच काढू नका. चौकोनी तोंडाची केबल प्रिंटरच्या बाजूने दाबून बसवा, मधला हब काढा, कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला थेट लावा, मग दुसरी केबल लावून बघा. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. तापताना तो एवढा करंट ओढतो की छोट्या यूपीएसला झेपत नाही.

यादीत नाव आहे, तरी पान येत नाही? मग छपाईला पाठवलेल्या कामांची रांग बघायची, आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा घोळ इथेच असतो. लिनक्समध्ये छपाईचं सगळं काम कप्स नावाची व्यवस्था बघते; मॅकमध्येही तीच असते. प्रिंटरशी बोलणं तुटलं की कप्स पुष्कळदा रांगच थांबवून ठेवते, आणि तुम्ही केबल नीट लावली तरी आपणहून ती सुरू करत नाही. पोस्टातल्या खिडकीवर ‘बंद’ची पाटी लावून कारकून जेवायला गेला आणि परत आल्यावर पाटी काढायची विसरला, तसं. एल-पी-एस-टी-ए-टी, जागा सोडून डॅश पी असं टाइप करा. प्रिंटरच्या नावापुढे ‘डिसेबल्ड सिन्स’ दिसलं की चोर सापडला.

पाटी काढायची कमांड: एस-यू-डी-ओ, जागा, सी-यू-पी-एस-ई-एन-ए-बी-एल-ई, जागा, आणि प्रिंटरचं नाव, यादीत आलंय अगदी तसंच. टर्मिनलची भीती वाटत असेल तर ब्राउझरच्या पट्टीत लोकलहोस्ट, कोलन, ६३१ टाका. कप्सचं पान उघडेल. त्यात प्रिंटर निवडून ‘रिझ्यूम प्रिंटर’.

पण थांबा! त्याआधी रांग रिकामी करा. त्या सोमवारी मी वैतागून प्रिंटचं बटण नऊ वेळा दाबलं होतं. रांग सुरू केली आणि अकरा पानांचा करारनामा नऊ वेळा बाहेर पडला. अशीलसुद्धा हसला. सी-ए-एन-सी-ई-एल, जागा, डॅश ए, एवढं आधी केलं असतं तर ती पानं वाचली असती.

रांग चालू, काम जातंय, स्क्रीन म्हणते छपाई झाली, आणि प्रिंटर ढिम्म? आता ड्रायव्हरकडे या. काही छोटे लेझर चालू होताना रिकाम्या डोक्याचे असतात. त्यांना चालवणारा आतला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, दर वेळी कॉम्प्युटरने त्यांच्याकडे पाठवावा लागतो. एचपीचे लेझरजेट १०१८ आणि १०२० असेच, आणि असे जुने लेझर झेरॉक्सच्या दुकानांत अजून राबताना दिसतात. त्यांना एचपीलिप नावाचं पॅकेज लागतं, आणि वर त्याचा प्लगइन, म्हणजे जोडीचा छोटा प्रोग्रामही. एच-पी, डॅश, पी-एल-यू-जी-आय-एन ही कमांड तो उतरवून घेते. इंटरनेट चालू ठेवा.

नव्या प्रिंटरची तऱ्हा वेगळी. त्यांतल्या बहुतेकांना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. आयपीपी-यूएसबी नावाची सेवा त्यांच्याशी परस्पर बोलते. तुम्ही हौसेने कंपनीचा ड्रायव्हरही टाकलात की एकाच केबलवर दोघांचा हक्क. सेवेने केबल धरून ठेवली की दुसरा ‘प्रिंटर मोकळा होण्याची वाट बघतोय’ म्हणत ताटकळतो. दोन्हींतलं एकच ठेवा. प्रिंटरच्या यादीत एकाच यंत्राची दोन नावं दिसली तर आधी हाच संशय घ्या, आणि चालतं ते नाव डीफॉल्ट करून दुसरं काढून टाका.

राहिला कागद. आमच्याकडे हिरवा लेजर पेपर लीगल मापाचा, बाकी सगळं ए४. फाइलला लीगल लावलंय आणि ट्रेमध्ये ए४ असेल तर प्रिंटर दिवा लुकलुकवत बसून राहतो, आणि कॉम्प्युटर बिचारा ‘छपाई चालू’ दाखवतो. बाहेरून आलेल्या फाइलमध्ये अमेरिकन ‘लेटर’ माप असतं, तेही हाच घोळ घालतं. पान सेटिंगमध्ये ए४ केलं की सुटतो. पावसाळ्यात मात्र दिवा लुकलुकला तर माप सोडा, आधी ट्रेतला कागद चाचपा. ओलसर गठ्ठा असेल तर दोन-दोन पानं चिकटून आत जातात.

सगळं झाल्यावर ६३१ वाल्या पानावरून चाचणीचं पान काढा. ते आलं आणि तुमची फाइल येत नसेल तर दोष बहुधा फाइलचा. तिची पीडीएफ करून द्या. आणि ही चाचणी साध्या पाठकोऱ्या कागदावर. ट्रेमध्ये स्टॅम्पपेपर राहिलाय का, ते डोळ्यांनी बघा. ऑक्टोबर २०२४ पासून तो कमीत कमी पाचशेचा झालाय.