एचपीएलसीचा ऑडिट ट्रेल तपासताना

एचपीएलसी म्हणजे औषधाच्या नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं उपकरण, आणि त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, काय केलं याची आपोआप राहणारी नोंद म्हणजे ऑडिट ट्रेल. औषध कंपनीत क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या) रिव्ह्यू चेकलिस्टवर बहुतेक ठिकाणी ‘ऑडिट ट्रेल तपासला: होय’ अशी एकच ओळ असते. तिच्यापुढे सही करायला दोन सेकंद पुरतात, पण ती सही खरी ठरवायची तर एका ॲसेच्या (औषधातला मुख्य घटक मोजण्याच्या चाचणीच्या) सिक्वेन्ससाठी, म्हणजे ओळीने दिलेल्या इंजेक्शन्ससाठी, अर्धा-पाऊण तास बसावंच लागतं. स्क्रीनवर वरून खाली नजर फिरवून फारसं काही सापडत नाही. लॉगबुक, बॅलन्सचा (वजनकाट्याचा) प्रिंटआउट आणि मोबाईल फेजची (उपकरणातून वाहणाऱ्या द्रावकाची) नोंद शेजारी ठेवली, की मग ऑडिट ट्रेलमधल्या विसंगती दिसू लागतात.

पण आधी सेटिंग. प्रत्येक केमिस्टचा लॉगिन वेगळा हवा. ॲडमिनचे अधिकार क्यूसीकडे नकोत, ते आयटीकडे किंवा चाचणीच्या निकालात ज्याचा काही संबंध नाही अशा व्यक्तीकडे हवेत. क्यूसी हेडकडे ॲडमिन लॉगिन असेल तर ट्रेलवर विश्वास ठेवायला जागाच उरत नाही. ट्रेल पूर्णपणे चालू आहे का, हे प्रोजेक्ट तयार करतानाच पाहा; काही सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय त्याच वेळी निवडावा लागतो, नंतर बदलता येत नाही. विंडोजची तारीख, वेळ आणि टाइम झोन केमिस्टच्या लॉगिनमधून बदलता येता कामा नये. आणखी एक जागा हमखास सुटते: रॉ डेटाच्या फाइल्स संगणकाच्या लोकल ड्राइव्हवर असतील आणि विंडोजमधून त्या डिलीट करता येत असतील, तर क्रोमॅटोग्राफी सॉफ्टवेअरच्या ट्रेलमध्ये त्याची नोंद होईलच असं नाही. केमिस्टच्या लॉगिनने एक डमी फाइल डिलीट करून बघा. डिलीट झाली तर तपासणी तिथेच थांबवा आणि आधी ते भोक बुजवा.

आता प्रत्यक्ष रिव्ह्यू. ट्रेल उघडण्याआधी कागदावर हिशोब मांडा. समजा, ॲसेला ब्लँक (नमुना नसलेलं द्रावण) 1, स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचं द्रावण) 5, सॅम्पलची दोन प्रिपरेशन प्रत्येकी दोनदा म्हणजे 4 आणि शेवटी ब्रॅकेटिंग स्टँडर्ड (सुरुवातीच्या स्टँडर्डशी ताडून बघायला) 1 असा क्रम आहे. एकूण 11 इंजेक्शन्स. रन टाइम 15 मिनिटं आणि दोन इंजेक्शन्सच्या मध्ये साधारण 1 मिनिट धरलं, तर 176 मिनिटं होतात. 10:40 ला सुरू झालेला सिक्वेन्स 13:36 च्या आसपास संपायला हवा. फ्लो मिनिटाला 1.0 मिली असेल तर तेवढ्यात 176 मिली मोबाईल फेज जाईल, 45 मिनिटांचं इक्विलिब्रेशन (उपकरण स्थिरावण्याचा वेळ) धरून 221 मिली. आता ट्रेलमधली इंजेक्शन्स मोजा, कॉलमच्या (ज्या नळीत घटक वेगळे होतात तिच्या) लॉगबुकमधला आकडा बघा, मोबाईल फेजची नोंद बघा. तिन्ही जुळायला हवेत. कॉलम लॉगबुकमध्ये 13 आणि ट्रेलमध्ये 11 दिसले तर ती जास्तीची दोन शोधायची: दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये, ‘टेस्ट’, ‘ट्रायल’ किंवा ‘डेमो’ नावाच्या फोल्डरमध्ये, अबॉर्ट केलेल्या (मध्येच थांबवलेल्या) रनमध्ये. म्हणून फक्त त्या बॅचचा प्रोजेक्ट उघडून भागत नाही. त्या उपकरणावर त्या दिवशी जे काही चाललं, ते सगळं सिस्टिम ट्रेलमधून काढा.

ट्रायल इंजेक्शनबद्दल ठाम राहायला हवं. सिस्टिम तयार आहे का हे बघायला स्टँडर्ड किंवा त्यासाठी ठरवलेलं वेगळं द्रावण वापरता येतं, पण तेही एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) लिहिलेलं असेल आणि त्याचा डेटा जपला जात असेल तरच. बॅचचं सॅम्पल आधी ‘सहज’ मारून बघणं म्हणजे निकाल पाहून मग खरी चाचणी सुरू करणं. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) डिसेंबर 2018 च्या डेटा इंटिग्रिटी (नोंदींचा खरेपणा) मार्गदर्शनात या प्रकाराला स्वतंत्र प्रश्नोत्तर दिलं आहे.

त्यानंतर घड्याळं. बॅलन्सच्या प्रिंटआउटवर स्टँडर्डचं वजन 11:05 ला आणि त्याच स्टँडर्डचं पहिलं इंजेक्शन 10:56 ला असेल, तर एक तर दोन घड्याळांत फरक आहे, नाही तर कागद मागाहून तयार झाला आहे. घड्याळांतला फरक हे कारण असेल, तर बॅलन्सच्या रोजच्या तपासणीत तो दिसायला हवा. थर्मल कागदाचा प्रिंटआउट फिका पडतो, म्हणून त्याची सही-तारखेसह प्रत त्याच दिवशी जोडा.

सगळ्यात जास्त वेळ इंटिग्रेशनला, म्हणजे क्रोमॅटोग्राममधल्या (उपकरणाने काढलेल्या आलेखातल्या) पीकचं क्षेत्रफळ मोजण्याला, द्या. अनोळखी इम्प्युरिटीची (अशुद्धीची) मर्यादा 0.20 टक्के आहे आणि अंतिम निकाल 0.19 आहे, असं धरू. ट्रेलमध्ये तोच क्रोमॅटोग्राम तीनदा प्रोसेस झालेला दिसतो: 0.22, 0.21, 0.19. तिन्ही एकावर एक ठेवा, वाय अक्ष मोठा करा आणि पीकच्या पायथ्याशी बेसलाइन कुठून कुठे सरकली ते बघा. पूर्ण आकाराच्या प्रिंटमध्ये हा फरक डोळ्यांना दिसत नाही. मग पुढचे प्रश्न विचारा. स्टँडर्ड आणि सॅम्पलला एकच प्रोसेसिंग मेथड लावली का? एखाद्या वेळेपुरतं इंटिग्रेशन बंद करणारा इव्हेंट नंतर घुसवला का? बदलाचं कारण काय लिहिलं? ‘रीप्रोसेसिंग’ हे कारण नव्हे. ‘6.8 मिनिटांच्या निगेटिव्ह डिपमुळे पीकची सुरुवात चुकीची पकडली गेली’ हे कारण, आणि क्रोमॅटोग्राममध्ये तो डिप दिसलाही पाहिजे. मॅन्युअल इंटिग्रेशनला एसओपीप्रमाणे मंजुरी हवी आणि पहिला निकाल जसाच्या तसा राहायला हवा. इलेक्ट्रॉनिक नोंदींचा अमेरिकी नियम, 21 सीएफआर पार्ट 11, ऑगस्ट 1997 पासून लागू आहे. नव्या बदलाने जुनी नोंद झाकली जाता कामा नये, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

पॉवर गेली, प्रेशर वाढून पंप बंद पडला, व्हायल चुकली, हे रोजचं आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. मात्र अबॉर्ट झालेल्या प्रत्येक रनपाठी त्याच दिवशीची नोंद आणि उपकरणाचा एरर मेसेज हवा. एरर नसताना पाचव्या स्टँडर्डनंतर हाताने रन थांबवला असेल, तर त्या पाच इंजेक्शन्सचा आरएसडी (निकालांमधला टक्केवारीतला फरक) काढून बघा, तो 2.0 टक्क्यांच्या वर गेलेला असण्याची शक्यता बरीच असते. अशी शंका आली की केमिस्टला बोलावून तोंडी मिटवू नका. क्यूएला (गुणवत्ता हमी विभागाला) कळवा, डिव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीपासून ढळल्याची अधिकृत नोंद) उघडा आणि तोपर्यंत बॅच थांबवा.

हे सगळं बॅच सोडण्याआधी व्हायला हवं. निकालावर परिणाम करणाऱ्या नोंदींचा ट्रेल त्या रेकॉर्डसोबतच पाहावा, असं एफडीए सांगते. सिस्टिम ट्रेलमधल्या लॉगिन, अधिकार, वेळेतले बदल यांच्या नोंदी मात्र जोखमीनुसार ठरलेल्या अंतराने पाहिल्या तरी चालतात. वेर्णा किंवा वाळूजच्या कारखान्यांमधून अमेरिका-युरोपला माल पाठवणाऱ्यांना हे नवं नाही, पण आता देशी बाजारापुरतं उत्पादन करणाऱ्या छोट्या कंपन्यांनाही सुटका नाही: डिसेंबर 2023 मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एममध्ये (औषधनिर्मितीच्या भारतीय नियमांत) संगणकीकृत प्रणालींचा समावेश आहे. संगणकीकृत प्रणालींवरच्या युरोपच्या ॲनेक्स 11 चा जुलै 2025 मध्ये आलेला मसुदाही ऑडिट ट्रेलसाठी वेगळा विभाग देतो.

चेकलिस्टवरची ती एक ओळ काढून टाका. तिच्या जागी प्रोजेक्टचं नाव, सिक्वेन्स क्रमांक, पाहिलेला कालावधी (तारीख आणि वेळ), अपेक्षित आणि प्रत्यक्ष इंजेक्शन्स, अबॉर्ट रनची संख्या, मॅन्युअल इंटिग्रेशनची संख्या आणि तपासणीला लागलेली मिनिटं असे रकाने करा. रिकामा रकाना असेल तर क्यूएने ती शीट परत पाठवावी.