दातात दात: एक्स-रेवर कसा ओळखाल
लालबागच्या माझ्या दवाखान्यात परवा अकरा वर्षांची मुलगी आली. वरच्या मधल्या दोन दातांशेजारचा दात जरा टोकदार, मागच्या बाजूला बारीक खड्डा. कीड कुठेच नाही, तरी हिरडीवर पुळी. असं दिसलं की आधी ‘दातात दात’ आठवायचा, म्हणजे दात तयार होतानाच त्याचं बाहेरचं आवरण आत वळून पोटात पिशवी झालेली.

मुळाचं टोक दिसेल असा छोटा एक्स-रे काढा. दाताच्या पोटात पांढऱ्या कडेची थेंबासारखी पिशवी दिसते; ती कड म्हणजे आत वळलेलं इनॅमल, दाताचं टणक बाहेरचं आवरण. मग ती कुठवर गेलीय ते बघा. दंतसंशोधक ओएलर्सच्या १९५७च्या वर्गीकरणात मुकुटातच (दाताच्या वरच्या, दिसणाऱ्या भागातच) थांबली तर पहिला प्रकार, मुळात उतरून बंद झाली तर दुसरा, मूळ भेदून बाहेर उघडली तर तिसरा. दुसऱ्या-तिसऱ्यात साधा एक्स-रे फसवतो, सगळं एकावर एक पडतं. तिथे फक्त तेवढ्याच भागाचा सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, मागवा. सरसकट नको, लहान पोरांना उगाच जास्त किरणं कशाला?

आणि पलीकडचा तोच दातही बघा, बरेचदा जोडीनं असतं. मी एकदा एका मुलाच्या बाबतीत विसरलो. सहा महिन्यांनी तोच मुलगा सुजलेला ओठ घेऊन पुन्हा दारात.